इंग्रजीच्या पेपरातलं पाणी

साहेब, तुम्ही खोटं लिहिलंत.

टाइप केलेल्या कागदावर, खाली गोल शिक्का मारून, तुम्ही लिहिलंत की 'परीक्षार्थीने स्वतःच्या मर्जीने जागा सोडल्याचे कबूल केले आहे.' जागा मी सोडली. कबूलही केलं. पण 'स्वतःच्या मर्जीने' हे शब्द माझे नाहीत. माझ्या हाताने मी लिहिलं होतं, 'केंद्रप्रमुखांनी सांगितल्यावरून.' ते टाइप होता होता कुठे गळालं, ते तुम्हाला माहीत आहे आणि मला माहीत आहे. बाकीच्यांना माहीत नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो.

मी पुंजाराम. नगर-पाथर्डी रस्त्यावरच्या एका हायस्कुलात शिपाई आहे. घंटा देणं, खोल्या झाडणं, टपाल नेणं आणि पाणी. यातलं पाण्याचं काम आधीच्या हेडमास्तरांनी मला मुद्दाम दिलं होतं. गावाला ते पचलं नाही. आम्ही बौद्ध. छप्पन साली मी बारा वर्षांचा होतो. तोवर माझी आई गावच्या आडावर उन्हात बसून राहायची, कोणी वरून ओतलं तर पाणी घरी यायचं. त्या बाईचा मुलगा आता शाळेत घरोघरच्या पोरांना पाणी वाटणार, हे लोकांना कसं सोसावं? पहिली तीन वर्षं बहुतेक पोरं घरून तांब्या घेऊन यायची. माझी बादली भरलेली तशीच राहायची आणि शाळा सुटली की मी ती झाडांना घालायचो. हेडमास्तरांची बदली झाली त्या दिवशी ते मला म्हणाले, "पुंजाराम, कोणी कितीही हिणवलं तरी बादली खाली ठेवू नकोस. एकदा ठेवलीस की पुन्हा कोणी हातात देणार नाही."

मग बहात्तर साल आलं. आड आटले, विहिरींच्या तळाला गाळ दिसायला लागला. घरून आणायला कोणाकडे पाणीच उरलं नाही. टँकर यायचा तो शाळेच्या हौदात पाणी सोडायचा, आणि हौदाची किल्ली माझ्याकडे. त्या वर्षी सगळी पोरं माझ्या बादलीतून प्याली. एकानेही विचारलं नाही, पाणी काढायचं ओगराळं कोणाच्या हातात आहे. एवढ्या वर्षांत जे कोणाच्या शहाणपणाने झालं नाही, ते घशाच्या कोरडीने एका महिन्यात केलं. तेव्हापासून माझ्या अंगाला एक खोड लागली. कोणी 'पाणी' म्हटलं की मी उठतो. जेवत असलो तरी उठतो. हे लक्षात ठेवा, कारण माझा घात या खोडीनेच केला.

आता इंग्रजीचं सांगतो. मॅट्रिकचे बाकीचे विषय मी बाहेरून बसून सोडवले होते. ऑक्टोबरच्या फेरीत दुसऱ्या केंद्रावर बसून इंग्रजीत दोनदा नापास. मला इंग्रजी शिकवणारं कोणी नव्हतं. माझा मामा भीमा भिंगारच्या लष्करी कॅम्पात एका मेसमध्ये भांडी घासायचा. तिथून रद्दीत निघालेलं एक पुस्तक त्याने मला आणून दिलं. पुठ्ठा नव्हता, नाव नव्हतं. इंग्रजी वाक्प्रचार, त्यांचे अर्थ आणि ते कुठून निघाले, असं विषयवार दिलेलं. शेतीचा भाग उंदरांनी खाल्लेला, जेवणाचा भाग चिकटून गेलेला. 'पाणी आणि समुद्र' तेवढा धड होता. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी तो भाग आठ महिने वाचला. शाळेच्या हौदाशी टँकरची वाट बघत बसायचो तेव्हा वाचायचो, आणि रांगेत हंडे घेऊन बसलेल्यांना सांगायचो. वेळ तरी जायचा.

रांगेत एक मुलगी असायची. अकरावीची, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गातली, आमच्याच शाळेतली. तिचं नाव मालन समजा. खरं नाव मी सांगणार नाही, त्याचं कारण पुढे येईल. ती हंडा उपडा घालून त्यावर बसायची आणि विचारायची, "पुंजाकाका, आज कंचं?"

"वॉटर ऑफ अ डक्स बॅक."

"म्हंजी?"

"बदकाच्या पिसांना तेल असतं. वरून कितीबी ओत, पाणी घरंगळून जातं, आत काही उतरत न्हाई. तसं एखाद्या माणसाला कितीबी बोला, त्याला लागत न्हाई."

"म्हंजी आपला खडीवरचा मुकादम!" मालन म्हणाली, आणि सगळी रांग हसली.

माझी बायको लंकाबाई तेव्हा दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तीही रांगेत असायची. तिला या पुस्तकाचा राग होता. मी एकदा सांगत होतो की 'इन हॉट वॉटर' म्हणजे संकटात सापडणं. किल्ल्याच्या भिंतीवर चढणाऱ्या शत्रूवर वरून उकळतं पाणी ओतायचे, त्यावरून ते आलं असं काही जण म्हणतात. पुस्तकानेही छातीठोकपणे सांगितलं नव्हतं.

लंकाबाई म्हणाली, "उकळून वर ओतायला एवढं पानी व्हतं त्यांच्याकडं? लई माजलेली मानसं! आमी हितं हंड्याला रडतोय आन् त्यांच्या बोलण्यात सुदिक पानी."

"अगं, समुद्रावरची माणसं ती. जे डोळ्यासमोर, ते बोलण्यात."

"मंग तुमी खडीचं इंग्रजी शिका. ते हाय आपल्या डोळ्यासमोर."

मालनला सगळ्यात आवडलं ते 'होल्ड वॉटर'. मडकं फुटकं आहे की धड, ते त्यात पाणी भरून कळतं. तसं एखाद्याचं बोलणं तपासून बघितलं आणि त्याला कुठे गळती लागली नाही, तर ते खरं. मालन म्हणाली, "आपन तर वाजवून बघतो, काका." मी म्हणालो, "वाजवून फसगत होते. भरूनच बघावं." तिने ते वहीत लिहून घेतलं. मला वाटलं, मी मास्तर झालो. खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला लई बरं वाटलं.

आमच्या शाळेचे कारकून रंभाजीअण्णा जूनमध्ये निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागेवर मॅट्रिक झालेला माणूस हवा. आताचे हेडमास्तर म्हणाले होते, "पुंजाराम, मार्चमध्ये इंग्रजी सोडव, तुझंच नाव पाठवतो." जूनच्या आत पास झालो तरच. नंतर ती जागा दुसऱ्याची. लंकाबाईला मी शब्द दिला होता की पाऊस पडो न पडो, जूनपासून तिच्या हातात हातोडा राहणार नाही. तिच्या तळहाताला तेव्हा भेगा होत्या आणि डाव्या अंगठ्याचं नख गेलेलं होतं.

परीक्षेच्या आठ दिवस आधी मी तुम्हाला अर्ज दिला, साहेब. 'मी स्वतः परीक्षेला बसत असल्याने केंद्रावर पाण्यासाठी दुसरा माणूस नेमावा.' तुम्ही त्यावर 'पाहिले' असं लिहून सही केलीत. तीन वर्षं तुम्ही केंद्रप्रमुख म्हणून नगरहून आमच्या केंद्रावर येत होतात, आणि तिन्ही वर्षं पाणी मी वाटलं होतं. तुम्ही अर्ज पाहिलात तेवढाच. माणूस नेमला नाहीत. तुमच्या डोक्यात बसलेलं होतं की पाणी म्हणजे पुंजा.

इंग्रजीचा पेपर. मार्च महिना, वर पत्रे. माझी जागा तिसऱ्या रांगेत, मालनही त्याच वर्गात. प्रश्न उघडला आणि मी तो दोनदा वाचला. सहा वाक्प्रचार दिलेले, त्यातल्या पाचांचे अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. सहापैकी चार पाण्याचे! बदक होतं. गरम पाणी होतं. 'टू थ्रो कोल्ड वॉटर ऑन' होतं, म्हणजे एखाद्याच्या उमेदीवर पाणी ओतणं. आणि 'होल्ड वॉटर' होतं. मी अर्थ लिहिले, ते कुठून निघाले तेही लिहिलं. विचारलं नव्हतं, तरी लिहिलं. दोन वर्षं नापास झालेल्या माणसाला एकदा तरी दाखवायचं होतं की त्याला येतं.

तीन लिहून झाले होते. चौथ्याचं अर्धं वाक्य झालं होतं. तेवढ्यात पुढच्या बाकावरची एक मुलगी बाकावरच आडवी झाली. गडबड उडाली. दुसऱ्या एकाने पाणी मागितलं, मग चौघांनी मागितलं. पर्यवेक्षक दारात गेले आणि तुम्हाला घेऊन आले. तुम्ही दारातूनच ओरडलात, "पुंजा, बघत काय बसलास? बादली उचल."

मी म्हणालो, "साहेब, मी पेपरला बसलोय."

"पाच मिनिटांनी काय बुडतंय तुझं? पोरं मरायला लागली इथं!"

मी उठलो. यात माझी चूक आहे आणि ती मी कोणावर ढकलत नाही. दुसरा कोणीही असता तर बसून राहिला असता. गावातल्या कुठल्याही पाटलाच्या पोराला तुम्ही पेपर सोडून बादली उचलायला सांगितलं असतंत का, आणि तो उठला असता का? मी उठलो, कारण ती बादली मिळवायला मला तीन वर्षं लागली होती. नाही म्हणायला माझी जीभ वळली नाही. पेन पेपरावर ठेवलं, हौदावर गेलो, बादली भरली, त्या मुलीच्या तोंडावर पाणी मारलं, ती उठून बसली. मग रांगेने ओगराळं फिरवलं. मालनजवळ गेलो तेव्हा तिने हाताने आपला पेपर झाकला आणि मान खाली घालून पाणी प्याली. माझ्यावर आळ येऊ नये म्हणून झाकला. पोर शहाणी.

शेवटच्या रांगेत होतो तेव्हा तपासणीस आत आले.

"हा कोण?"

"शिपाई," तुम्ही म्हणालात.

त्यांचं लक्ष तिसऱ्या रांगेतल्या रिकाम्या बाकाकडे गेलं. उघडा पेपर, वर पेन. "ही जागा कोणाची?"

"माझी," मी म्हणालो.

"परीक्षार्थी बादली घेऊन वर्गभर फिरतोय? कोणी उठवलं तुला?"

मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलंत. घड्याळ बंद होतं, साहेब. तीन महिने बंद होतं. मग तुम्ही म्हणालात, "मला कल्पना नाही. मी पलीकडच्या खोलीत होतो." आणि पर्यवेक्षक आपल्या बुटांकडे बघत राहिले.

माझा पेपर तिथेच काढून घेतला. अर्ध्या वाक्याखाली लाल शाईने रेघ ओढली. तपासणीसांनी तो उलटून बघितला आणि म्हणाले, "शिपायाला एवढं इंग्रजी येतं? हे कुठून उतरवलंस?" मी पुस्तकाचं सांगितलं. ते हसले.

तुम्ही 'पलीकडच्या खोलीत' नव्हतात, हे त्या वर्गात सगळ्यांनी पाहिलं होतं. पण बोलणार कोण? पर्यवेक्षकांना पुढच्या वर्षी पुन्हा तुमच्याच हाताखाली काम. परीक्षार्थी पाच गावांचे, त्यांनी मला का ओळखावं? बादलीच्या नावाखाली मी उत्तरांची देवघेव केली, असा आरोप ठेवून माझी चौकशी लावली. चार दिवसांनी मालन घरी आली. उभ्या उभ्याच बोलली.

"काका, मी येते चौकशीला. साहेब 'बादली उचल' म्हनले ते मी माझ्या कानानं ऐकलंय."

मी तिला खाली बसवलं. "पेपर कसा गेला तुझा?"

"चांगला गेला. बदकाचं तुमीच सांगितलेलं लिहिलं. शब्दाला शब्द."

माझ्या पेपरातही बदक तसंच होतं. दुसऱ्या दिवशी मी रंभाजीअण्णांना विचारलं. तीस वर्षं त्यांनी असलेच कागद हाताळलेले. अण्णांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"लेका, तिचं नाव साक्षीदार म्हणून दिलंस की पहिला तिचा पेपर बाहेर काढतील. तुझ्या पेपराशेजारी ठेवतील. बदक दोन्हीकडं तेच सापडलं की संपलं. तू बादली घेऊन तिच्याजवळ गेल्तास, हे तपासणीसानं डोळ्यानं बघितलंय."

"पण अण्णा, ते मी तिला टँकरच्या रांगेत सांगितलं होतं. सहा महिन्यांपूर्वी. अख्ख्या रांगेनं ऐकलंय."

"रांगेला मारतोस का शिक्का?" अण्णा म्हणाले.

घरी येऊन मी लंकाबाईला सांगितलं की मालनला मी येऊ नको म्हणणार आहे. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली.

"त्या पोरीचं वाचवताय. आन् माझं? म्या आनखी किती दगडं फोडायची?"

मी चुलीत लाकूड सारलं.

"बोला की! इंग्रजीत तरी बोला."

 ती पुन्हा भाकरी थापायला लागली आणि त्या दिवशी एवढ्या जोरात थापली की ती काठाला फाटली. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिची आय बी माझ्याबरोबरच खडी फोडती. पोरगी पास झाली तर ती तरी सुटंल." आणि मग चुलीकडे तोंड करून बसली ती बसलीच.

मे महिन्यात तुम्ही मला नगरला तुमच्या कचेरीत बोलावलंत; चौकशीही तुमच्याकडेच सोपवली होती. सकाळी दहाची वेळ दिलेली, आत घेतलं तीन वाजता. टेबलावर दोन कागद मांडले होते. एकावर लिहायचं, आरोप मान्य. म्हणजे नोकरी राहील, पण दोन वर्षं कुठल्याच परीक्षेला बसता येणार नाही. दुसऱ्यावर लिहायचं, आरोप अमान्य. म्हणजे चौकशी पुरी होईतो निलंबन, आणि खाली रकाना, 'साक्षीदारांची नावे'. पहिल्या कागदात जूनची जागा गेली. दुसऱ्यात जूनची जागा गेली, हातातली नोकरी गेली, आणि वर मालन गेली.

माझ्या पुस्तकात एक वाक्प्रचार होता, 'बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी'. दोन्हीकडून कोंडी. तो कुठून आला याबद्दलही नक्की कोणाला ठाऊक नाही. काही जण सांगतात की लाकडी जहाजाच्या अंगाला पाण्यालगत एक लांब फट असायची, तिला खलाशी डेव्हिल म्हणायचे. ती बुजवायला एका माणसाला दोराने खाली सोडत. तो तिथे लोंबकळत डांबर भरत राहायचा. वर जहाज, खाली समुद्र. वाचताना मी मनात म्हणायचो, काय हे, समुद्र ज्याने कधी बघितला नाही त्याला हे काय कळणार? तुमच्या खोलीत पंख्याखाली बसून मला ते कळलं. आणखी एक कळलं, ते पुस्तकात नव्हतं. त्या माणसाला खाली सोडणारा कोणीतरी वर उभा असतो, आणि दोराचं टोक त्याच्या हातात असतं.

मी पहिला कागद ओढला. लिहिलं, 'मी केंद्रप्रमुखांनी सांगितल्यावरून पाणी देण्यासाठी जागा सोडली. कोणाला उत्तर सांगितले नाही, कोणाचे घेतले नाही.' सही केली.

तुम्ही वाचलंत. "हे मधलं कशाला घातलंस?"

"घडलं ते लिहिलं."

तुम्ही कागद फायलीत ठेवलात. मग म्हणालात, "बरं. असू दे. टाइप होऊन येईल." आणि हसून म्हणालात, "पाणी प्यायलास का सकाळपासून?" मी प्यायलो नव्हतो. तुमच्या शिपायाने पेला आणला. मी तो प्यायलो, त्याची आज लाज वाटते.

टाइप झालेला कागद आला त्यात काय होतं, ते सुरुवातीला सांगितलं आहे. मी तीन पत्रं पाठवली. माझ्या हातचा मूळ कागद दाखवा, आणि मार्चमधला तुमच्या सहीचा अर्जही काढा. एकाही पत्राचं उत्तर नाही. रंभाजीअण्णा निवृत्त झाले. त्यांच्या खुर्चीवर राहुरीकडचा एक तरुण आला. त्याच्याशी माझं भांडण नाही, त्याला काही माहीतही नाही. मालन पास झाली. इंग्रजीतही. तिचा पुढच्या शिक्षणाचा फॉर्म भरायला मीच बरोबर गेलो होतो. लंकाबाई अजून खडीवर जाते. या वर्षी पाऊस झाला, तरी रस्त्याचं काम चालू आहे. मी दिलेल्या शब्दाबद्दल तिने मला पुन्हा कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

एवढ्यावर मी गप्प बसलो असतो. माणसं बसतात. पण गेल्या सोमवारी तुमचा आणखी एक कागद आला. ऑक्टोबरची परीक्षा नगरच्या केंद्रावर आहे. केंद्रप्रमुख तुम्ही. कामाच्या वाटणीत आठव्या ओळीला लिहिलंय: 'पाणी व्यवस्था, सर्व वर्ग: पुंजाराम, शिपाई. अनुभवी व विश्वासू असल्याने खास मागणी.'

साहेब, मे महिन्याच्या कागदात मी असा माणूस आहे की बादलीच्या नावाखाली परीक्षार्थींमध्ये फिरून लबाडी करतो, म्हणून त्याला दोन वर्षं वर्गात बसू देऊ नये. आणि ऑक्टोबरच्या कागदात मी असा माणूस आहे की त्याला बादली देऊन सगळ्या वर्गांत, सगळ्या परीक्षार्थींमध्ये मोकळा सोडावा. दोन्ही कागदांवर सही एकाच हाताची आहे. लबाड असेन तर मला त्या वर्गांत पाठवता कसे? विश्वासू असेन तर माझी दोन वर्षं घेतलीत कशी?

यातला एक कागद खोटा आहे. कुठला ते तुम्हीच सांगा. लेखी सांगा, आणि या वेळी टाइप करायला दुसऱ्याकडे देऊ नका. परीक्षा पंधरा तारखेला सुरू होते. त्याच्या आत मला उत्तर पाहिजे.